मावळांतील घरें आणि त्यांचीं छपरें

घराचें रूप घरधनी ठरवितो, असा सर्वसाधारण समज आहे. मावळांत मात्र तें आजवर पावसानेंच ठरविलें. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा ठिकाणीं भिंतीच्या आधीं छपराचा विचार करावा लागतो.

या भागांतील बांधणीचा एक प्राचीन दाखला कार्ल्याच्या चैत्यगृहांत पाहावयास मिळतो. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खडकांत कोरलेल्या या १२४ फूट लांब दालनाच्या कमानदार छतास लांकडी फांसळ्या बसविल्या आहेत. अखंड खडकास त्यांच्या आधाराची गरज नव्हती. परंतु लांकडी इमारतींस सरावलेल्या कारागिरांस छत म्हणजे तसेंच ठाऊक होतें. साहित्य बदललें तरी रूप लगेच सुटत नाहीं, तें असें.

मावळांतील शेतकऱ्याच्या जुन्या घराचें जोतें उंच, छपराचा उतार मोठा आणि वळचण भिंतीच्या बरीच पुढें आलेली असे. पाणी झटकन निथळावें आणि मातीच्या भिंतीस झड लागूं नये, हा त्यांतील हेतु.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली आणि लोणावळें-खंडाळें हीं मुंबईकरांचीं हवा खाण्याचीं ठिकाणें झालीं. धनिकांचे बंगले उठले. १८६५ मध्यें मंगळूरास बासेल मिशननें यंत्रावर दाबलेल्या कौलांचा कारखाना काढला. खांचेंत खांच बसणारीं हीं कौलें पुढें दूरवर पसरलीं. बंगल्याचा मालक शहरी, कौल परगांवचें. पण उतार मावळाचाच राहिला.

तो उतार मोडला सिमेंट-काँक्रीटनें. जागा महाग झाली. सपाट गच्चीवर पुढें मजला चढवितां येतो, हें सोयीचें वाटलें. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग पूर्ण झाल्यावर बांधकामास अधिकच वेग आला. मात्र उन्हानें प्रसरण व गारव्यानें आकुंचन पावतांना काँक्रीटला बारीक चिरा जातात. त्यांतून पाणी आंतील लोखंडापर्यंत पोंचतें. लोखंड गंजून फुगतें आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. मग त्याच गच्चीवर पत्र्याचें उतरतें छप्पर घालावें लागतें. म्हणजे टाकून दिलेला उतार दुप्पट खर्चानें परत येतो!

ही अडचण एकट्या मावळाची नव्हे. थायलंडांतील जुन्या घरांचीं छपरेंहि पावसामुळेंच उंच व उतरतीं. तरी १९३२ च्या राज्यक्रांतीनंतर बँकॉकच्या राजदम्नोन मार्गावर सपाट माथ्याच्या इमारती उभ्या राहिल्या. नवेपणाची ती खूण मानली गेली.

नवें साहित्य वाईट नाहीं. काँक्रीटलाहि उतार देतां येतो, वळचण काढतां येते, डोंगराचा ओढा न बुजवितां जोतें बांधतां येतें. घर घेणाऱ्यानें खोल्या मोजण्याआधीं एकच प्रश्न विचारावा: आषाढांतलें पाणी येथून कोठें जाणार? ज्या घरास याचें उत्तर देतां येतें, तेंच मावळांतलें खरें आधुनिक घर.