नव्या जमान्याची धूळपाटी

मुलांनो, फार पूर्वी शाळेत वह्या नव्हत्या तेव्हा मुलं अक्षरं कशावर गिरवत असतील? लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, पंतोजींना दाखवायचं आणि हात फिरवून सगळं सपाट करायचं. पाटी पुन्हा कोरी! हीच धूळपाटी. मोठमोठी गणितंही अशीच सोडवत, म्हणून आकडेमोडीला ‘धूलिकर्म’ असंही नाव होतं. धूळपाटीवर ‘ग’ची शेपटी वाकडी गेली तरी बिघडत नसे. एक हात फिरवला की झालं.

संगणकालाही अशी धूळपाटी असती तर? हवं ते बटण दाबा, नको ते पुसा, काहीही उलटंपालटं करा. बंद केलं की सगळं जैसे थे. अशी सोय खरोखर आहे. मात्र तिची गरज का पडली, हे समजायला आधी एका वाढदिवसाची गोष्ट ऐकू या.

हॅपी बर्थडे जोशी!

१९९० साली भारतात एक संगणक-व्हायरस सापडला. त्याचं नाव चक्क ‘जोशी’! वर्षभर तो गुपचूप पसरायचा. ५ जानेवारी उजाडली की मात्र संगणक अडून बसायचा आणि पडद्यावर इंग्रजीत हुकूम यायचा, की ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. मुकाट्याने शुभेच्छा दिल्या तरच गाडी पुढे सरकायची.

ऐकायला गंमत वाटते, पण हा पाहुणा भलता चिवट होता. तो फ्लॉपीतून यायचा आणि हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात ठाण मांडायचा. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो आपला स्मरणात टिकून राही. त्यावर उपाय एकच. वीज पूर्ण बंद करायची आणि स्वच्छ फ्लॉपी घालून संगणक सुरू करायचा. त्या फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असे. खाच झाकली, की त्या फ्लॉपीवरचं वाचता येई, पण तिच्यावर काही लिहिता येत नसे. मग व्हायरसने कितीही धडपड केली तरी मूळ फ्लॉपी स्वच्छच राहणार! ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास आपल्या पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत होते. दहावीनंतर त्यांनी शाळा सोडली होती. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस फार. त्यांचा धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. त्याने व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुण्याचं ‘क्विक हील’ उभं राहिलं.

संगणकाच्या पोटात संगणक

व्हायरसवर औषध शोधणाऱ्यांपुढे मोठा पेच असतो. तो काय करतो हे पाहायचं तर त्याला चालवून बघायला हवं, आणि चालवला की संगणक आजारी! मग यासाठी एक संगणक वेगळा ठेवायचा आणि प्रत्येक प्रयोगानंतर सगळं पुसून पुन्हा भरायचं. किती वेळखाऊ काम!

या पेचातून वाट काढली ‘व्हर्च्युअल मशीन’ने, म्हणजे आभासी संगणकाने. खऱ्या संगणकात एक प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याने दुसऱ्या संगणकाचं हुबेहूब सोंग घ्यायचं. आतल्या व्हायरसला वाटतं, आपण खऱ्याच संगणकात आहोत. प्रत्यक्षात त्याची हार्ड डिस्क म्हणजे बाहेरच्या संगणकातली एक फाइल असते. ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात आपल्या अवाढव्य संगणकांवर ती वापरली होती. १९९९पासून व्हीएमवेअर कंपनीच्या प्रोग्रॅममुळे ती टेबलावरच्या संगणकातही आली.

करून पाहा

आता पुसण्याची जादू. महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा. पुण्याभोवती लाल गोल काढा. नवं गाव वसवा. भीमा नदीला मनात येईल तसं वळवा! वरून पाहिलं तर नकाशा बदललेला दिसतो. कागद उचला. खालचा नकाशा होता तसाच!

आभासी संगणकात असंच घडतं. मूळ डिस्कची फाइल फक्त वाचायची, तिच्यावर लिहायचं नाही. (आठवली ना ती चिकटपट्टी?) जे काही बदलेल ते एका वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये जातं. तीच आपला ट्रेसिंग पेपर. काही वाचायचं झालं, की संगणक आधी या कागदावर बघतो. तिथे नसेल तर खालच्या मूळ डिस्कवर. संपूर्ण डिस्कची नक्कल करावी लागत नाही, बदललेले तुकडेच तेवढे साठतात. काम संपलं, की ती छोटी फाइल टाकून दिली जाते. पुढच्या वेळी पुन्हा कोरा कागद!

फ्रान्सचे फॅब्रिस बेलार्ड यांनी तयार केलेल्या क्यूईएमयू या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘स्नॅपशॉट’ हा एक शब्द जोडला की हे घडतं. विंडोजच्या काही आवृत्त्यांमध्ये २०१९पासून ‘सँडबॉक्स’ नावाची अशीच सोय आहे. सँडबॉक्स म्हणजे वाळूची पेटी. तीही धूळपाटीची बहीणच की!

हे मात्र पुसलं जात नाही

‘मग काय, करा धमाल!’ असं वाटलं ना? जरा थांबा. ट्रेसिंग पेपरवरचं पुसलं जातं, पण कागदाबाहेर गेलेलं परत येत नाही. आतून पाठवलेली ईमेल पोचलीच. मैत्रिणीला लिहिलेला वाईट शब्द तिने वाचलाच. बाहेरच्या संगणकाचं फोल्डर किंवा पेन ड्राइव्ह आत जोडलेला असेल, तर त्यातले बदलही राहतात. काही लबाड प्रोग्रॅम तर आपण आभासी संगणकात आहोत हे ओळखतात आणि तिथे साळसूदपणे वागतात! म्हणून अनोळखी फाइल उघडण्याआधी मोठ्यांना विचारायचंच.

दुसरी गंमत म्हणजे ही धूळपाटी चांगलं-वाईट असा भेद करत नाही. व्हायरस पुसते, तसं तुमचं तासभर खपून काढलेलं चित्रही पुसते. म्हणून प्रयोगशाळेतले तज्ज्ञ व्हायरस काय करतो, कुठली फाइल बदलतो, कुणाशी संपर्क साधू पाहतो, हे सगळं बाहेर टिपून ठेवतात आणि मगच आतलं टाकून देतात. तुम्हीही तेच करा. बंद करण्याआधी स्वतःला विचारा, ‘यातलं मला काय ठेवायचंय?’ ते बाहेर ठेवा, मग खुशाल हात फिरवा.

पालकांसाठी थोडं

‘हात लावू नको, बिघडेल!’ हे वाक्य घरोघरी आणि शाळेच्या संगणक कक्षातही ऐकू येतं. त्यात काळजी असते, आणि महागाची वस्तू म्हटल्यावर ती असणारच. पण चूक करायला जागाच नसेल तर मूल दुसऱ्याने दाखवलेली बटणंच दाबत राहतं. पाचवीतली मुलगी सगळं उलटंपालटं करून पाहू शकेल अशी एक सुरक्षित जागा तिला द्या. ओळखीच्या जाणकाराकडून आभासी संगणक बसवून घेता येईल. ते जमत नसेल, तर महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवा आणि मग तिला मोकळं सोडा. शेजारी बसा, पण माउस तिच्याच हातात असू द्या.

पंतोजींच्या शाळेत पाटी रोज कोरी होई, पण गिरवलेलं अक्षर मुलाच्या हातात बसलेलं असे. संगणक विसरला तरी चालेल, मुलांनो. आज काय केल्यावर काय झालं, ते तुम्ही मात्र वहीत लिहून ठेवा!