स्वच्छ सुई : पापाला साहाय्य की प्राणाचे रक्षण?

व्यसनाधीन माणसाच्या हाती निर्जंतुक सुई देणे म्हणजे त्याच्या व्यसनाला हातभार लावणे नव्हे काय? हा प्रश्न अनेक भाविकांच्या मनात येतो. तो प्रामाणिक आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हेरॉईनसारखे मादक द्रव्य शिरेतून टोचून घेणारे अनेकदा एकच सुई आळीपाळीने वापरतात. सुईत उरलेल्या रक्तातून एचआयव्ही तसेच ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीचे विषाणू दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. पुढे हा संसर्ग निरपराध पत्नीला आणि जन्माला येणाऱ्या अर्भकालाही होऊ शकतो. आपल्या देशात १९९० च्या सुमारास मणिपूरने हे दुःख अनुभवले.

काविळीची साथ रोखण्यासाठी १९८४ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे सुई-बदल उपक्रम सुरू झाला. वापरलेली सुई परत घ्यायची, नवी द्यायची, जखमेवर उपचार करायचे आणि व्यसनमुक्तीचा मार्ग दाखवायचा, अशी या उपक्रमांची पद्धत असते. अशा उपक्रमांमुळे एचआयव्हीचा प्रसार घटतो, मात्र व्यसन वाढल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या आढाव्यात काढण्यात आला. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संसर्ग टाळण्यासाठी स्वच्छ सुया पुरविणे गुन्हा ठरत नाही, हे स्पष्ट केले आहे.

ख्रिस्तसभेत या विषयावर एकमत झालेले नाही. सिडनीमध्ये वैद्यकीय देखरेखीखालील इंजेक्शन केंद्र चालविण्याची तयारी धर्मभगिनींनी दाखविली होती; परंतु १९९९ साली व्हॅटिकनच्या आदेशानुसार त्यांनी माघार घेतली. ते केंद्र २००१ साली युनायटिंग चर्चने सुरू केले. उलट अमेरिकेतील ऑल्बनी धर्मप्रांताच्या ‘कॅथोलिक चॅरिटीज’ने २०१० साली बिशप हॉवर्ड हबर्ड यांच्या संमतीने सुई-बदल उपक्रम हाती घेतला. अर्थात, इंजेक्शनसाठी जागा देणे आणि सुई बदलून देणे या दोन भिन्न कृती आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

येथे नीतिशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या दुष्कृत्याचा हेतू स्वतःही बाळगणे वेगळे, आणि तो हेतू नाकारून मोठे अनिष्ट टाळण्यासाठी दूरान्वयाने संबंध येणे वेगळे. पहिले सदैव निषिद्ध. दुसरे गंभीर कारण असल्यास क्षम्य ठरू शकते. मात्र त्यातून व्यसनाला मान्यता मिळाल्याचा गैरसमज पसरू नये, ही दक्षता आवश्यक असते. मतभेद आहेत ते हा निकष कोठे लागू पडतो, याविषयी.

सुई व्यसन सोडवीत नाही, हे खरे. परंतु मृत माणसाला पश्चात्तापाची संधी उरत नाही. दयाळू शोमरोन्याने जखमीला प्रश्न विचारले नाहीत. त्याने आधी जखमा बांधल्या. आपल्या धर्मग्रामात असा एखादा तरुण असेल, तर त्याच्यासाठी आपले दार उघडे आहे काय, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःलाच द्यावे.