परदेशातील हिवाळा आणि खिडकीबाहेरचे पाहुणे

दिवाळी झाली की आमच्या दवाखान्यात हमखास दोन-चार जोडपी येतात. मुलगा अमेरिकेत, सुनेचे बाळंतपण नेमके डिसेंबरात आणि मुक्काम सहा महिन्यांचा. रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा लिहून द्या, साखरेच्या द्या, जुलाबाच्याही द्या, अशी यादी हातात असते. गोळ्या लिहून देणे सोपे आहे. खरी अडचण जानेवारीत सुरू होते. मग फोन येतात. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशात मन रमत नाही. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी डिसेंबरात दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. मुले कामावर गेलेली, रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि ओटाच नाही, तर ओट्यावरच्या गप्पा कुठल्या? हिवाळ्यातील या मरगळीला वैद्यकशास्त्राने १९८४ साली वेगळे नाव दिले. अपुरा उजेड हे तिचे एक प्रमुख कारण मानतात. एकटेपणाची भर त्यात पडते ती वेगळीच.

अशाच एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या सुनेने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाण्यांची नळी टांगून दिली. तिकडे तिला फीडर म्हणतात. गुरुजींनी लगेच वही घातली. तारीख, वेळ, पक्षी किती, भांडण कोणाचे झाले, सगळ्याची नोंद! त्यांची झोपेची गोळी काही त्यामुळे बंद झाली नाही. पण सकाळी उठून उजेडात खिडकीपाशी बसण्याला कारण मिळाले, आणि संध्याकाळी मुलाला सांगायला विषय मिळाला. माझ्या मते हे थोडे नव्हे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर माणसांना काही तास अधिक बरे वाटते, असे आढळले. नैराश्याच्या रुग्णांतही तसेच दिसले. मात्र ज्याला औषधाची गरज आहे त्याने पक्ष्यांच्या भरवशावर औषध सोडू नये.

फीडरवर येणाऱ्यांत फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांची गर्दी मोठी. हाउस फिंचच्या नराचे डोके व छाती लालसर असते, आणि तो रंग खाण्यातून येतो. गोल्डफिंच उन्हाळ्यात हळदीसारखा पिवळाधमक दिसतो, हिवाळ्यात मात्र मळकट शेवाळी. त्यामुळे नवख्याला हा तोच पक्षी हे पटत नाही. वजन जेमतेम तोळा-सव्वातोळा. एवढासा जीव शून्याखालच्या थंडीत रात्र काढतो तो पिसे फुगवून आणि दिवसभर तेलबिया खाऊन. पाइन सिस्किन, रेडपोल हे उत्तरेकडचे पाहुणे मात्र दरवर्षी येतीलच असे नाही. कॅनडाच्या जंगलात सूचिपर्णी झाडांचे व भूर्जाचे बी कमी धरले, की ते थव्याथव्यांनी दक्षिणेला उतरतात. आपल्याकडे दुष्काळात माणसे गाव सोडतात, तसेच हे.

यांना सर्वांत आवडणारे काळे बारीक बी म्हणजे आपले कारळे, म्हणजेच खुरासणी. नाशिक-नगरकडच्या डोंगराळ भागात पिकते तेच. भारतातून ते पक्ष्यांच्या खाद्यासाठी अमेरिकेत जाते. सोबत अमरवेलीचे बी जाऊन तिकडे रुजू नये म्हणून ते आधी तापवून घेतात.

आता डॉक्टर म्हणून सांगायचे ते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात सिस्किनचे प्रचंड थवे अमेरिकेत उतरले. फीडरवर दाटी झाली, विष्ठा दाण्यांत मिसळली आणि साल्मोनेला या जंतूने पक्षी मरू लागले. तोच जंतू माणसांपर्यंत पोचला. १२ राज्यांत २९ जण आजारी पडल्याची नोंद झाली, त्यांपैकी १४ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. मृत्यू कोणाचा झाला नाही. ताप, जुलाब, पोटात मुरडा ही लक्षणे. धडधाकट माणूस चार-सहा दिवसांत बरा होतो. पण तान्हे मूल, मधुमेही आणि वयस्क यांना हा आजार जड जाऊ शकतो, आणि बाळंतपणाच्या घरात नेमकी हीच माणसे असतात! आजीने फीडर भरला आणि तसेच बाळाला उचलले, असे होता कामा नये. फीडरला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच. फीडर आठवड्याला एकदा धुवावा, पण स्वयंपाकघरातील मोरीत नव्हे, बाहेर. आधी साबणाच्या पाण्याने घासावा, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून दहा मिनिटे बुडवून ठेवावा, खळखळून धुऊन पूर्ण वाळवावा. दाण्यांची साले व विष्ठा खाली साचू देऊ नये. पक्षी गलितगात्र होऊन बसलेला किंवा मेलेला दिसला, तर फीडर दोन आठवडे काढून ठेवावा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये.

हाउस फिंचचे डोळे कधी सुजून चिकटलेले दिसतात. हा रोग १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात प्रथम आढळला. तो माणसाला होत नाही, तेव्हा घाबरू नये. पण फीडर लगेच धुवावा.

जंतूंपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती पडण्याची. सकाळी स्वेटरवर शाल घेऊन, पायात घरातल्या सपाता, हातात दाण्यांचा डबा, असे आजोबा अंगणात निघतात. पायऱ्यांवर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो, तो दिसतच नाही. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, आणि परदेशातील रुग्णालयाचे बिल! प्रवासाचा विमा काढला नसेल तर विचारूच नका. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही अंगावर काढू नये. फीडर भरण्याचे काम मुलाला किंवा नातवाला द्यावे. आपण खिडकीतून मोजावेत.

फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत टांगावा. म्हणजे दचकून उडालेला पक्षी वेगाने काचेवर आदळत नाही, शिवाय चष्मा न शोधताही दिसतो.

आणि काकूंना एक विनंती. पक्ष्यांच्या पिशवीतले कारळे भाजून चटणी करू नये. ते माणसांच्या खाण्यासाठी निवडलेले नसतात. चटणीचे कारळे भारतीय दुकानातून वेगळे आणावेत.