कड्यावर बिल नको, पायथ्याशी हिशेब हवा

लेखमाला : डोंगर आणि आपण / भाग ६

कड्यावर अडकलेला माणूस सुखरूप खाली कसा आणतात, हे गेल्या भागात आपण टप्प्याटप्प्याने पाहिले. दोर कशाला बांधतात, स्ट्रेचर कसे सोडतात, वर कोण थांबते आणि खाली कोण, हे सगळे आले. आज त्याच कामाचा जमाखर्च मांडू. हा खर्च कोण करते आणि तो कोणी करायला हवा? अडकलेला माणूस बंदीची पाटी ओलांडून, पावसात, अंधारात, कोणालाही न सांगता गेला असेल, तर उत्तर बदलते का?

दर पावसाळ्यात हा प्रश्न तावातावाने विचारला जातो. कोणीतरी धबधब्याच्या वरच्या अंगाला अडकतो, वीस-पंचवीस माणसे रात्रभर चिखल तुडवतात आणि सकाळी लोक म्हणतात, ‘सगळा खर्च यांच्याकडूनच वसूल करा.’ हा संताप खोटा नाही. मात्र संतापातून केलेला नियम डोंगरावर कसा वागेल, हे आधी तपासायला हवे.

सह्याद्रीत खर्च कोण करते?

आपल्याकडे डोंगरातली सुटका प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’, महाबळेश्वरचे ‘महाबळेश्वर ट्रेकर्स’ आणि ‘सह्याद्री ट्रेकर्स’ ही त्यातली काही नावे. ठिकठिकाणच्या पथकांना जोडून घेणारे ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’ही उभे राहिले आहे. मदतीचा फोन आला की सर्वांत जवळच्या पथकाला निरोप जातो. पथकात दुकानदार असतात, शिक्षक असतात, कंपनीत पाळी करणारे असतात. फोन आला की ते हातातले काम टाकून निघतात. गाडीचे पेट्रोल बहुतेकदा स्वतःच्या खिशातले. दोर, हार्नेस, कॅराबिनर, स्ट्रेचर ही सामग्री देणग्यांतून आणि वर्गणीतून जमवलेली. तीक्ष्ण कातळावर घासलेला किंवा मोठा झटका बसलेला दोर पुन्हा माणसाच्या वजनासाठी वापरता येत नाही. तो बाद करावा लागतो आणि नव्या दोराला हजारो रुपये पडतात.

या हिशेबात एक नाव नेहमी गाळले जाते, ते पायथ्याच्या गावाचे. रात्री जंगलातली वाट ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्तीवरचा तरुण दाखवतो. जखमीला खांद्यावरून खाली आणण्यात त्याचा खांदा असतो. दुसऱ्या दिवशी त्याची आवणी किंवा मजुरी बुडते, ती बुडतेच.

हीच माणसे मोठ्या आपत्तीतही सर्वांत आधी पोचतात. २०१८च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले. तेव्हा दरीत उतरून मृतदेह वर काढण्यात डोंगरी पथकांचा मोठा वाटा होता. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढू शकत नव्हती, तेव्हा मुसळधार पावसात पायी वर गेलेल्यांत गिर्यारोहक होते. त्या रात्री मदतीसाठी चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. बेफिकीर पर्यटकामागे या पथकांची जी ताकद खर्च होते, ती कोणत्या रात्रीसाठी राखून ठेवायला हवी, हे यावरून कळावे.

अपघात आणि बेफिकिरी

वसुलीचा विचार करण्याआधी एक फरक मनात पक्का करायला हवा. डोंगरात अडकलेला प्रत्येक जण बेफिकीर नसतो. वीस वर्षे डोंगर फिरलेल्याचाही पाय मुरगळतो. आग्या मोहोळ उठले तर जाणती माणसेही सैरावैरा पळतात. धुके उतरले की हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर नेहमीची वाटही सापडत नाही. डोंगरात जोखीम असतेच. ती ओळखून, तयारी करून गेलेला माणूस संकटात सापडला, तर त्याला दोषी म्हणता येणार नाही.

बेफिकिरीची खूण वेगळी आहे. बंदी माहीत असून जाणे, गावकरी ‘आज वर जाऊ नका’ म्हणत असताना हसून पुढे जाणे, दुपारी चारला चढायला लागून बॅटरीही न घेणे, चित्रफितीसाठी कड्याच्या टोकावर उभे राहणे, दारू पिऊन ओढ्यात उतरणे. आणि या सर्वांपेक्षा गंभीर म्हणजे पैसे घेऊन साठ-सत्तर अनोळखी माणसांना दोन पोरसवदा ‘लीडर’च्या भरवशावर अरुंद पायऱ्यांच्या गडावर नेणे. इथे चूक कोणाची? ज्याने विश्वासाने पैसे भरले त्याची, की ज्याने हवामानाचा इशारा वाचूनही बस सोडली त्याची? सरसकट वसुलीचा नियम केला, तर बिल बहुतेकदा पहिल्याच्या हातात पडेल आणि दुसरा पुढच्या शनिवारी नवी बस भरेल.

एकच डोंगर, दोन कायदे

पोलंड आणि स्लोव्हाकियाच्या सीमेवर टाट्रा पर्वत आहे. त्यातल्या रिसी शिखरावर दोन्ही देशांतून चढता येते. पोलंडच्या बाजूला अडकलात तर सुटका विनामूल्य होते. १९०९मध्ये स्थापन झालेली तिथली बचाव संघटना आजही काम करते आणि राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला १५ टक्के वाटा कायद्याने डोंगरी बचावाकडे जातो. सीमा ओलांडून स्लोव्हाकियात अडकलात, तर २००६पासून सुटकेचा खर्च तुमच्यावर किंवा तुमच्या विमा कंपनीवर येतो. त्यामुळे तिकडे उतरणारे पोलिश गिर्यारोहक निघण्याआधी एक-दोन दिवसांचा स्वस्त विमा काढतात. दोन्ही देशांनी एक गोष्ट मात्र सारखीच केली आहे. पैशाची तजवीज माणूस वर चढण्याआधीच होते.

फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका मोफत आहे आणि त्यामागे एक दुःखद कथा आहे. १९५६च्या डिसेंबरात व्हॅन्साँदाँ आणि आँरी हे दोन तरुण माँ ब्लाँवर वादळात अडकले. त्यांना आणायला गेलेले हेलिकॉप्टर बर्फात कोसळले. मग बचावासाठी गेलेल्यांनाच वाचवण्याची वेळ आली आणि ते दोन तरुण वरच सोडावे लागले. खाली शामोनीमध्ये दुर्बिणी लावून लोक हे पाहत होते. बचाव ही कोणाच्या मर्जीवर सोडण्याची गोष्ट राहू नये, या जाणिवेतून १९५८मध्ये तिथे सरकारी प्रशिक्षित पथक उभे राहिले. त्याच माँ ब्लाँच्या पायथ्याच्या सँ-जेर्व्हे गावच्या महापौरांनी २०२२च्या उन्हाळ्यात, दगड कोसळत असतानाही चढणाऱ्यांना कंटाळून, प्रत्येकाकडून १५ हजार युरो अनामत घ्यावी असे सुचवले. त्यात १० हजार सुटकेचे आणि ५ हजार अंत्यसंस्काराचे धरले होते. सूचना कठोर होती, पण तीही अनामतीची, म्हणजे चढण्याआधीच्या पैशाचीच होती.

इटलीत २०२५च्या जुलैमध्ये डोलोमाइट पर्वतात दरडी कोसळत असल्याने वाटा बंद केल्या होत्या. पाट्या आणि अडथळे ओलांडून गेलेल्या एका ब्रिटिश पर्यटकाला हेलिकॉप्टरने काढावे लागले. त्याला १४ हजार युरोंहून अधिक रकमेचे बिल आले. जपानच्या सैतामा प्रांतात ठरावीक डोंगरांवर हेलिकॉप्टरने सुटका झाली, तर २०१८पासून दर पाच मिनिटांना ५ हजार येन आकारले जाऊ लागले. फुजीवर मात्र तसे नव्हते. म्हणूनच एप्रिल २०२५मध्ये चढाईचा हंगाम नसताना वर गेलेला एक विद्यार्थी हेलिकॉप्टरने उतरवल्यावर चारच दिवसांनी राहिलेला फोन आणायला पुन्हा वर गेला आणि त्याला पुन्हा वाचवावे लागले, तेव्हा तिथेही वसुलीची मागणी जोरात उठली.

मला सर्वांत विचार करून केलेली वाटते ती अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याची व्यवस्था. तिथे हलगर्जीपणाने अडकलेल्याकडून खर्च वसूल करण्याचा कायदा आहे. पण २०१५पासून २५ डॉलरचे वार्षिक कार्डही मिळते, कुटुंबासाठी ३५ डॉलरचे. कार्ड घेतलेल्याला हलगर्जीचे बिल येत नाही. उघड बेपर्वाई असेल तर मात्र कार्डही वाचवत नाही. जमलेला पैसा बचावकार्याच्या निधीत जातो. जे डोंगरावर जातात, ते सगळे मिळून थोडाथोडा भार उचलतात आणि खऱ्या बेपर्वाईची शिक्षा ज्याची त्याला होते.

बिलाची भीती काय करते?

वसुलीच्या विरोधात सर्वांत ठाम बोलतात ते स्वतः बचाव पथकांतले लोक. अमेरिकेतल्या स्वयंसेवी पथकांच्या संघटनेची जाहीर भूमिका हीच आहे. कारण सरळ आहे. बिल येणार हे ठाऊक असले की माणूस फोन उशिरा करतो. ‘अजून थोडे उतरून बघू’ म्हणत तो निसरड्या घळीत शिरतो. दुपारी तीनला आलेला फोन दोन तासांत मिटतो. तोच रात्री नऊला आला, तर पथकाला अंधारात, पावसात, अनोळखी कातळावर जावे लागते. मुरगळलेल्या पायाचे काम मृतदेह आणण्याचे होऊन बसते. त्यात वाचवणाऱ्याचाही जीव पणाला लागतो.

सह्याद्रीत आणखी एक अडचण आहे. इथे बिल फाडायचे तर कोणाच्या श्रमाचे? स्वयंसेवक मोबदला घेत नाहीत. त्यांनी फुकट दिलेल्या रात्रीचे पैसे सरकारने तिजोरीत जमा केले, तर तो स्वयंसेवकांचा अपमान ठरेल. आणि सुटकेत पैसा शिरला की काय होऊ शकते, हे नेपाळने २०१८मध्ये पाहिले. किरकोळ त्रास होणाऱ्या पर्यटकांनाही हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांकडून रकमा उकळण्याचे प्रकार उघड झाले आणि सरकारला चौकशी लावावी लागली.

पण मग बेफिकीर माणसाला मोकळे सोडायचे का? केरळचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२२मध्ये मलमपुळाजवळच्या डोंगरावर उभ्या कातळातल्या खोबणीत एक तरुण चाळीस तासांहून अधिक काळ अडकला. लष्कराच्या जवानांनी दोरावरून जाऊन त्याला वाचवले. तो विनापरवाना वनक्षेत्रात शिरला होता, तरी सरकारने सहानुभूती दाखवून गुन्हा न नोंदवण्याचे ठरवले. काही दिवसांतच आणखी एक जण त्याच डोंगरावर चढला आणि त्यालाही रात्री शोधून आणावे लागले. त्यानंतर वनखात्याने पहिल्या तरुणावरही गुन्हा नोंदवला. जीव वाचवताना अट नसावी, हे केरळने दाखवले. नियम मोडल्याची शिक्षा माफ केली की त्याचा चुकीचा अर्थ काढला जातो, हेही त्याच घटनेने दाखवले.

महाराष्ट्राने काय करावे?

पहिली गोष्ट, सुटका विनाअट आणि विनाबिल राहावी. हे पथकांना आणि पर्यटकांना जाहीरपणे सांगितले जावे, म्हणजे फोन वेळेवर येईल.

दुसरी, शिक्षा आणि सुटका यांची गाठ सोडवावी. बंदी आदेश मोडणाऱ्याविरुद्ध कारवाईसाठी कायदा आजही पुरेसा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आहे, आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५१ आहे, वनक्षेत्र असेल तर वनकायदा आहे. गुन्हा बंदी मोडल्याचा नोंदवावा, मग तो माणूस अडकलेला असो वा सुखरूप परतलेला. आज अडकलेलाच तेवढा सापडतो, म्हणून धाक बसत नाही. मात्र बंदीही नेमकी हवी. अख्खा तालुका तीन महिने बंद केला, तर पायथ्याला जेवण देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या घरांची चूल थंडावते आणि लोक चोरवाटांनी जातात.

तिसरी, आयोजकाला जबाबदार धरावे. राज्याच्या ऑगस्ट २०२१च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षेची चौकट आहे. तिची तपासणी शनिवारी रात्री, पायथ्याच्या नाक्यावर व्हायला हवी. नोंदणी नाही, विमा नाही, माणसांच्या मानाने लीडर पुरेसे नाहीत, तर बस तिथूनच परत पाठवावी. पैसे घेऊन माणसे नेणाऱ्याच्या हलगर्जीमुळे सुटकेची वेळ आली, तर खर्च त्याच्याकडून घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. तो भरावा लागेल या भीतीने बुकिंग करतानाच तो हवामानाचा अंदाज पाहील. अडकलेल्याचा फोनही त्यामुळे उशिरा येणार नाही.

चौथी, पैसा पायथ्याशी जमवावा. अनेक गडांवर, धबधब्यांवर ग्रामपंचायत किंवा वनव्यवस्थापन समिती आजही प्रवेशशुल्क घेते. त्यातला ठरलेला हिस्सा बचाव निधीत जावा. त्यातून पथकांचे दोर बदलावेत, स्वयंसेवकांचा आणि वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांचा अपघात विमा उतरवावा, त्यांची बुडालेली मजुरी द्यावी. गर्दीच्या एका रविवारी एखाद्या धबधब्यावर हजारो माणसे येतात. प्रत्येकाचे दहा रुपये धरले, तरी काही रविवारांत एका पथकाची वर्षाची सामग्री उभी राहील.

आणि वाचकहो, यातले काही सरकारवाचूनही होऊ शकते. निघताना घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगा. आयोजकाला नोंदणी क्रमांक विचारा आणि उत्तर टाळले तर पैसे भरू नका. गावकरी नको म्हणाला तर परत फिरा, डोंगर पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल. अडकलात तर लाज न बाळगता लगेच फोन करा. आणि तुमच्या भागातल्या बचाव पथकाला, कधी गरज पडली नसली तरी, वर्षातून एकदा एका ट्रेकच्या खर्चाएवढी देणगी द्या. तुमच्यासाठी दरीत उतरणाऱ्या माणसाचा दोर नवा असावा, ही जबाबदारी डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाची आहे.