साहस शिबिरांची परिणामकारकता : मापनाचे काही प्रश्न

मे 2014 मध्ये निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावची मालावत पूर्णा वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच एव्हरेस्टवर पोहोचली. ती समाजकल्याण निवासी शाळेची विद्यार्थिनी होती आणि तिचे सुरुवातीचे प्रशिक्षण भोंगीरच्या खडकावर झाले होते. मे 2018 मध्ये आदिलाबादच्या सीमेला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य' मोहिमेत तेच शिखर गाठले. शिखर गाठले की नाही, हे एका शब्दात सांगता येते. परंतु कुंताळा धबधब्याजवळ तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेल्या चाळीस मुलामुलींमध्ये काय बदलले, हे कसे सांगावे? सर्वसाधारण अहवालात उपस्थिती, छायाचित्रे व 'फार आनंद झाला' असे अभिप्राय असतात. तो हजेरीपट झाला, परिणाम नव्हे.

या विषयावरील शास्त्रीय अभ्यास मुख्यतः 'आउटवर्ड बाउंड' या संस्थेभोवती झाला. कुर्ट हान यांच्या प्रेरणेने 1941 मध्ये वेल्समध्ये तिची पहिली शाळा सुरू झाली. जॉन हॅटी व सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अशा उपक्रमांवरील 96 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी परिणाम 0.34 प्रमाण विचलन इतका आढळला. म्हणजे शिबिरातील सर्वसाधारण विद्यार्थी शिबिराला न गेलेल्या शंभरांपैकी सुमारे 63 जणांच्या पुढे गेला. पुढील पाठपुराव्यात त्यात आणखी 0.17 ची भर पडली होती. मात्र कार्यक्रमागणिक फरक मोठा होता आणि दीर्घ मुदतीचे कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले. तीन दिवसांच्या सहलीला हे आकडे लावणे योग्य नाही.

शेवटच्या दिवशी घेतलेली उत्तरचाचणी विशेष फसवी असते. शेकोटी, गाणी, निरोप. त्या भरात मुले सर्वच प्रश्नांना वरचे गुण देतात. ऑस्ट्रेलियातील मार्श, रिचर्ड्स व बार्न्स यांनी 1986 च्या अभ्यासात यावर साधा उपाय योजला. त्यांनी 26 दिवसांच्या कार्यक्रमाच्या एक महिना आधी, पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी आणि 18 महिन्यांनंतर अशा चार वेळा मापन केले. पहिल्या दोन मापनांतील फरक म्हणजे शिबिराविना आपोआप होणारा बदल.

दुसरी अडचण निवडीची. शिबिराला कोण येते? ज्यांच्या पालकांनी परवानगी दिली ती मुले. मुलींच्या बाबतीत, मग घर मुस्लिम असो वा हिंदू, ही चाळणी अधिक बारीक असते. परवानगी मिळालेली मुलगी आधीच घरात थोडीफार बोलणारी असू शकते. तिच्या धीटपणाचे श्रेय शिबिराला देणे घाईचे ठरेल. म्हणून तुलनेचा गट सरसकट वर्गातून न घेता, परवानगी मिळूनही जागेअभावी पुढच्या तुकडीत ठेवलेल्या मुलांचा घ्यावा. तुकड्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्यास उत्तमच.

आदिलाबादमध्ये खरा पेच भाषेचा आहे. येथे तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी आणि कोलामी बोलली जाते; घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, असे कित्येकांचे असते. मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 ची दहा विधानांची आत्मसन्मान श्रेणी सर्वत्र वापरली जाते. तिच्या मूळ संकल्पनेसाठी मराठीत 'स्वाभिमान' घातला तर मुलाला ताठपणा जाणवतो. उर्दूत 'खुद्दारी' म्हटले तर कोणापुढे हात न पसरणे हा अर्थ पुढे येतो, आणि 'खुदएतमादी' तर आत्मविश्वास झाला. तीन शब्द, तीन वेगळी मोजमापे! शिवाय निम्मी विधाने नकारार्थी आहेत. नकारार्थी विधानाला 'असहमत' म्हणताना आठवीतला विद्यार्थी हमखास गोंधळतो आणि चूक त्याच्या खात्यावर जमा होते. भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा मूळ भाषेत करून ताडून पाहणे आवश्यक आहे; त्याहून आवश्यक म्हणजे पाच-सहा मुलांना विधान वाचून दाखवून 'यातून तुला काय कळले?' असे विचारणे.

प्रश्नावलीच्या जोडीला दिसणाऱ्या वर्तनाची नोंद ठेवता येते : शिबिरानंतरच्या सहामाहीत वर्गात स्वतःहून किती वेळा हात वर झाला, गैरहजेरी किती झाली, पुढच्या शिबिरासाठी धाकट्या बहिणीचे नाव कोणी आणून दिले. यासाठी वर्गशिक्षकाची एक वही पुरते. मात्र तिच्यातील नोंदी शिबिराच्या एक महिना आधीपासून सुरू झालेल्या असाव्यात.