आवाज बसला, बासरी उभी!

जेथ्रो टलचा इयन अँडरसन पंचाहत्तरी ओलांडूनही स्टेजवर आहे. फ्लूट तशीच वाजते, गळा मात्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्याने थांबावं की गात राहावं, यावरून त्याचे चाहतेच आपसांत भांडतात. रॉकच्या दुनियेतलं हे जुनं भांडण आपणही ऐकून घ्यावं असं आहे.

कट्ट्यावर रॉकचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, मेटालिका, फार तर डीप पर्पल. जेथ्रो टल हे नाव निघतं ते बहुतेकदा कुणाच्या तरी बाबांच्या नाहीतर मामाच्या तोंडून. एका पायावर उभं राहून फ्लूट वाजवणारा माणूस माहितीये का, अशी सुरुवात होते आणि मग पुढचा अर्धा तास आपण फक्त ऐकायचं असतं.

तो माणूस म्हणजे इयन अँडरसन. जन्म १० ऑगस्ट १९४७, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. १९६७ च्या अखेरीस त्याचा बँड उभा राहिला. जेथ्रो टल हे त्याचं किंवा बँडमधल्या कुणाचंच नाव नाही. हा होता अठराव्या शतकातला एक इंग्लिश शेतीसुधारक. आपल्याकडच्या पाभरीसारखं बी पेरणारं यंत्र त्याने बनवलं म्हणून तो इतिहासात राहिला. बुकिंग एजन्सीतल्या एकाने ते नाव या पोरांना चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. पहिल्या सिंगलवर तर ते चुकून ‘जेथ्रो टो’ असं छापून आलं होतं!

गिटार दिली, फ्लूट घेतली

टलचा चाहता भेटला की तो हा किस्सा सांगतोच. अँडरसन आधी गिटार वाजवायचा. तेव्हा इंग्लंडमध्ये ब्लूजची लाट होती आणि प्रत्येक पोराला एरिक क्लॅप्टन व्हायचं होतं. अँडरसनने क्लॅप्टनला ऐकलं आणि त्याला एक गोष्ट स्वच्छ कळली, की आपण कितीही घासली तरी या माणसाच्या जवळपास पोचणार नाही. मग त्याने आपली फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर देऊन टाकली आणि बदल्यात फ्लूट आणि एक मायक्रोफोन घेतला. कारण साधं होतं. फ्लूटवर रॉक वाजवणारा शेजारीपाजारी कुणी नव्हता, त्यामुळे तुलनाही होणार नव्हती.

शिकवायला गुरू नव्हता. अमेरिकन जॅझ वादक रोलंड कर्क फुंकता फुंकता फ्लूटमध्येच गुणगुणायचा. अँडरसनने ती ढब उचलली. १९६८ च्या ‘धिस वॉज’ या पहिल्याच अल्बममध्ये कर्कची एक रचना आहे. नीट ऐकलंत तर सुराबरोबर श्वास, घरघर, मधूनच गुरगुरणं असं सगळंच ऐकू येतं. घासूनपुसून चकचकीत केलेला आवाज नाहीच तो.

आणि तो एक पाय? त्याचीही गंमत आहे. सुरुवातीला तो माइकच्या स्टँडला धरून एका पायावर उभा राहायचा ते माउथ ऑर्गन वाजवताना. पेपरवाल्यांनी लिहून टाकलं, की हा एका पायावर फ्लूट वाजवतो. आता छापून आलंय म्हटल्यावर करून दाखवणं भागच होतं! मग त्याने ते शिकून घेतलं. मुरली वाजवणारा कृष्णही पायाची घडी घालून उभा असतो, हे त्याला पुढे कळलं तेव्हा त्यालाच नवल वाटलं. आपल्याकडच्या चाहत्यांना मात्र ते पोस्टर पहिल्यापासून ओळखीचं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

नव्वदची कॅसेट

आपल्या आधीच्या पिढीकडे टल आलं ते कॅसेटमधून. एकाकडे ओरिजिनल असायची आणि बाकीच्यांकडे त्यावरून भरून घेतलेल्या, वर बॉलपेनने नावं लिहिलेल्या कॉप्या. त्यातली मानाची कॅसेट म्हणजे १९७२ चा ‘थिक ॲज अ ब्रिक’.

हा अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं आहे. जवळपास ४४ मिनिटांचं. एलपीवर ते मधोमध कापावं लागलं, कारण तबकडी उलटल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. म्हणजे सलग भरून घेतलं तर गाणं एका बाजूत बरोब्बर मावायचं!

आधीच्या वर्षीचा ‘ॲक्वालंग’ खूप गाजला होता. त्याचं शीर्षकगीत रस्त्यावर राहणाऱ्या एका बेघर माणसाबद्दल आहे. अँडरसनची तेव्हाची बायको जेनी हिने बेघर माणसांचे फोटो काढले होते, त्यावरून ते सुचलं आणि शब्दांतही तिचा वाटा आहे. समीक्षकांनी त्या अल्बमला ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हटलं. अँडरसनला ते पटेना. मग त्याने ठरवलं, की यांना हवा ना कन्सेप्ट अल्बम, घ्या मग! जेराल्ड बॉस्टॉक नावाचा शाळकरी कवी त्याने कल्पनेतून उभा केला, ही त्याचीच कविता अशी बतावणी केली आणि कव्हर म्हणून बारा पानांचं खोटंखोटं वर्तमानपत्र छापलं. टिंगल म्हणून केलेली ही गोष्ट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. हा विनोद की खरंखुरं मोठं काम, यावर चाहते आजही वाद घालतात. मला विचाराल, तर दोन्ही.

हे रॉक तरी आहे का?

दुसरं गाजलेलं भांडण १९८९ च्या ग्रॅमीचं. त्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल यांच्यासाठी पहिल्यांदाच वेगळा पुरस्कार होता. त्या रात्री मेटालिका स्टेजवर वाजवून गेली होती आणि पुरस्कार त्यांनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पाकीट उघडलं आणि नाव निघालं जेथ्रो टल, अल्बम ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’. सभागृहात चक्क हुर्यो झाली. तुमचा काही नंबर लागणार नाही, असं कंपनीनेच सांगितल्यामुळे टलची मंडळी समारंभाला गेलीही नव्हती.

त्यावर त्यांच्या कंपनीने ‘फ्लूट हे हेवी मेटलचं वाद्य आहे’ अशी जाहिरात देऊन हसून घेतलं. १९९२ मध्ये मेटालिकाला ग्रॅमी मिळालं तेव्हा ड्रमर लार्स उलरिकने, यंदा अल्बम न काढल्याबद्दल जेथ्रो टलचे आभार मानले. गंमत म्हणजे टलचा ‘कॅटफिश रायझिंग’ १९९१ मध्येच आला होता!

मुंबईची आठवण

टल भारतात बऱ्याचदा येऊन गेलं. १९९४ मध्ये मुंबई आणि बेंगळुरूला त्यांचे कार्यक्रम झाले. वर्षानुवर्षं कॅसेटवर ऐकलेला माणूस प्रत्यक्ष समोर दिसण्याचे ते दिवस. पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतही अँडरसनने कार्यक्रम केले. बांबूची बासरी आणि चाव्यांची धातूची फ्लूट एकाच स्टेजवर!

पण मुंबईकरांच्या लक्षात राहावी ती २००८ ची गोष्ट. २९ नोव्हेंबरला टल आणि सतारवादक अनुष्का शंकर यांचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. २६ नोव्हेंबरच्या रात्री शहरावर हल्ला झाला आणि कार्यक्रम रद्द करावा लागला. अशा वेळी परदेशी बँडने सामान आवरून निघून जाणं कुणालाही समजण्यासारखं होतं. त्यांनी तसं केलं नाही. ५ डिसेंबरला हल्ल्यात बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने तो कार्यक्रम त्यांनी मुंबईतच केला. संगीतकार म्हणून मनातला संताप बोलून दाखवायची आपली हीच भाषा आहे, अशा अर्थाचं अनुष्का तेव्हा म्हणाली होती. कोणतं गाणं कसं वाजलं याला त्या दिवशी फारसा अर्थ नव्हता. ते वाजवायला उभे राहिले, हेच पुरेसं होतं.

आता खरं भांडण

१९८४ मध्ये ‘अंडर रॅप्स’ हा अल्बम आला. त्यातली गाणी उंच पट्टीतली. त्याच्या दौऱ्यात रोज रात्री ती गाऊन अँडरसनचा गळा दुखावला, इतका की पुढे काही काळ काम थांबवावं लागलं. तेव्हापासून तो आवाज पूर्ववत झालाच नाही. २०२० मध्ये एका मुलाखतीत त्याने आपल्याला फुप्फुसांचा सीओपीडी हा आजार असल्याचंही सांगितलं. वर्षानुवर्षं स्टेजवर सोडल्या जाणाऱ्या धुराला तो त्याचा दोष देतो. श्वासावर पोट असलेल्या माणसाला श्वासाचाच आजार!

यावरून चाहत्यांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, बास आता. आम्ही पैसे मोजून तिकीट काढतो आणि समोर तो सुरापर्यंत पोचायला मान ताणताना दिसतो. बघवत नाही. आमच्या कानात १९७१ आहे, ते तसंच राहू दे. दुसरा म्हणतो, त्याला वाजवायचंय तोवर वाजवू दे. तुम्हाला १९७१ हवं असेल तर घरी रेकॉर्ड आहेच की.

त्यात आणखी एक पोटभांडण आहे. गिटारिस्ट मार्टिन बार १९६८ च्या अखेरीस आला आणि चार दशकांहून जास्त टिकला. २०१२ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. काही वर्षं अँडरसनने स्वतःच्या नावाने कार्यक्रम केले आणि मग पुन्हा जेथ्रो टल हे नाव घेतलं. बारशिवाय टल म्हणजे टल नाहीच, असं मानणारे चाहते कमी नाहीत.

‘बास आता’ म्हणणाऱ्यांचं सगळंच चुकीचं आहे, असं मला वाटत नाही. जुन्या गाण्यांतल्या उंच जागा आज ऐकताना त्रास होतो, हे खरंच आहे. ती गाणी त्याने खालच्या पट्टीत घ्यावीत किंवा सोडून द्यावीत. २०१२ च्या दौऱ्यात त्याने रायन ओडॉनेल या तरुण गायकाला सोबत घेऊन गाणं वाटून घेतलं होतं, तेही काहींना खटकलं. आता एकट्याने गायला तर आवाज नाही म्हणायचं आणि दुसऱ्याला घेतलं तर हा तो नव्हे म्हणायचं. मग त्याने करायचं तरी काय?

तो काय करतो ते बघा. २०२२ मध्ये ‘द झीलट जीन’, २०२३ मध्ये ‘रॉकफ्लूट’ आणि २०२५ मध्ये ‘क्युरियस रुमिनंट’. चार वर्षांत तीन नवे अल्बम. यातलं गाणं आजच्या गळ्याला झेपेल असं बांधलंय. उंच उडी नाही, बोलल्यासारखं गाणं, आणि जिथे आवाज पोचणार नाही तिथे फ्लूट पुढे येते.

म्हणूनच मला तो गिटारचा किस्सा महत्त्वाचा वाटतो. क्लॅप्टन होता येणार नाही हे कळल्यावर विशीतल्या या पोराने रडत न बसता वाद्य बदललं. पुढे नव्वदच्या दशकात त्याची मुलगी फ्लूट शिकायला लागली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं काही सुरांची बोटंच चुकीची धरतोय. तोवर जगभर नाव झालेलं होतं. बोटं तशीच ठेवली असती तरी कुणी विचारलं नसतं. त्याने चाळिशी उलटल्यावर ती नव्याने बसवली. आता गळा गेलाय, तर तो गाणंच वेगळं लिहितोय.

कॅम्पस इंटरव्ह्यू असो, एकांकिकेची निवड असो की फेस्टमधला बँड, आपल्यापेक्षा कुणीतरी भारी आहे हे आपल्याला रोज कळत असतं. अशा वेळी दोनच पर्याय असतात असं आपण धरून चालतो. तस्संच जमवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. हा माणूस तिसऱ्या वाटेने इतकी वर्षं चाललाय.

अलीकडच्या त्याच्या कार्यक्रमांत एक विनंती केलेली असते. शेवटचं गाणं येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा, मग हवे तेवढे फोटो काढा. थोडक्यात, आधी समोर जो उभा आहे त्याला ऐका. तेव्हा आज रात्री हेडफोन लावा. १९६९ च्या ‘स्टँड अप’मधलं ‘बूरे’ ऐका, बाखची चाल आणि तरुण दमाची फ्लूट. ते संपलं की लगेच ‘क्युरियस रुमिनंट’ लावा. मधली ५६ वर्षं तुम्हाला आवाजात ऐकू येतील. फुंकरीत किती ऐकू येतात, ते तुम्हीच ठरवा.