सातवीच्या वर्गातला ढग

सकाळी आठ
या प्रयोगात जपावा लागतो तो बर्फ. शाळा वाईपासून एसटीनं पाऊण तासावर, म्हणून रात्री लावलेला बर्फ रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरते. पिशवीत लोणच्याची रिकामी काचेची बरणी, स्टीलची ताटली, उदबत्त्या, काडेपेटी, काळा कार्डशीट, टॉर्च. आणि शीतपेयाची एक लिटरची रिकामी बाटली, घट्ट झाकणासकट.

साडेदहा
परिपाठ झाला. महाबळेश्वरकडचे डोंगर सकाळपासून ढगात आहेत. फळ्यावर लिहिलं, ‘ढग कशाचा असतो?’ वर्ग एका सुरात म्हणाला, “वाफेचा, बाई!” तेही फळ्यावर लिहिलं. हे उत्तर मी लगेच खोडत नाही. मुलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी खोडलेलं जास्त टिकतं.

साडेअकरा
बरणीत गरम पाणी ओतलं, तोंडावर बर्फाची ताटली ठेवली, मागे काळा कार्डशीट. टॉर्च मारला. ताटलीच्या बुडाला थेंब धरले, पण बरणीतली हवा जवळजवळ स्वच्छच राहिली. मुलं हिरमुसली. इथं मी मुद्दाम थांबते. “बाष्प आहे, गारवा आहे. मग अडलं कुठं?”

ताटली क्षणभर उचलून उदबत्तीचा धूर आत सोडला, पुन्हा झाकली. थोड्याच वेळात टॉर्चच्या झोतात पांढरं धुकं फिरू लागलं. “बाई, तो धूरच असणार,” मागच्या बाकावरून शंका आली. अशा शंकेसाठीच मी शिकवते. दुसऱ्या कोरड्या बरणीत तेवढाच धूर सोडला, गरम पाणी नाही, बर्फ नाही. तिथं नुसता फिकट निळसर पट्टा दिसला. फरक मुलांनीच सांगितला.

मग जॉन एटकेनची गोष्ट सांगितली. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये त्यानं एका काचपात्रात साधी हवा भरली, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हीत वाफ सोडली. साध्या हवेत दाट धुकं झालं, गाळलेल्या हवेत नाही. बाष्पाला थेंब व्हायला बसायला जागा लागते: धूळ, धूर, समुद्रावरून आलेलं मीठ.

दीड
पोषण आहाराची खिचडी. चुलीवरच्या किटलीच्या तोंडापाशी दोन मुलं वाकून पाहत होती. तोंडालगत काहीच दिसत नाही, जरा वर पांढरं सुरू होतं. खरं बाष्प म्हणजे ती रिकामी दिसणारी जागा. फळ्यावरचं उत्तर त्यांनी जाऊन पुसलं.

अडीच
बरणीचा प्रयोग मला अपुरा वाटतो. आभाळात बर्फाची ताटली कोण धरतं? म्हणून बाटली. तळाशी चमचाभर कोमट पाणी घालून हलवलं, थोडा धूर घेतला, झाकण आवळलं. जोरात दाबली, काही सेकंद धरली, सोडली. आत ढग! दाबली की नाहीसा, सोडली की पुन्हा हजर. दाब सुटला की हवा पसरते, पसरताना थंड होते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, तेव्हा हेच घडतं. दर किलोमीटरला कोरडी हवा साधारण १० अंशांनी थंड होते.

मग गणित. ढगातल्या थेंबाचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर, पावसाच्या थेंबाचा सुमारे २. म्हणजे शंभरपट. घनफळ काढताना वहीत शून्यं वाढत गेली: पावसाच्या एका थेंबात ढगातले दहा लाख थेंब. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची अशा थेंबांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरलाच आहे, हे ऐकून वर्ग खिडकीकडे वळला.

साडेचार
वह्या तपासताना एका मुलीचा प्रश्न सापडला: ‘महाबळेश्वरला एवढा कोसळतो, मग वाईत इतका कमी का?’ उत्तर तिच्या हातात येऊन गेलंय. घाट उतरणारी हवा दाबली जाते, तापते, ढग विरतो. वहीत मी एवढंच लिहिलं, ‘उद्या बाटली तू दाबायचीस, आणि वर्गाला सांगायचंस.’